घोड्यांसोबत गावाकडे राहायचंय? जागा निवडताना काय बघावं

डिसेंबरात कुठलीही जागा घोड्यासाठी चांगलीच दिसते. हवा थंड, जमीन कोरडी, डोंगरावर पिवळं गवत, विहिरीत पाणी. आम्हीही डिसेंबरातच पाहिली होती. ताम्हिणीच्या बाजूला, मागे डोंगर, पुढे धरणाचं पाणी. एजंटने चुलीवरचा चहा पाजला आणि आम्ही विरघळलो. विकत न घेता भाड्याने घेतली, एवढंच काय ते शहाणपण.

जुलैत दोन्ही घोड्यांच्या पायांना वास यायला लागला. खूर उचलून तळाचा मधला त्रिकोणी मऊ भाग साफ करायला घेतला, तर खूर कोरायच्या लोखंडी आकड्यासोबत काळा, चिकट लगदा बाहेर यायचा. घोडी पाय झटकून घ्यायची. पाठीवर हात फिरवला की केसांचे झुपके खपलीसकट हातात. पागा रोज धुऊन पुसून कोरडी करायची म्हटलं तरी चोवीस तास पाऊस असताना कोरडं काय होणार? ऑगस्टच्या शेवटी चंबूगबाळं आवरलं आणि पुण्याच्या पलीकडे, पुरंदर तालुक्यात आलो. तीन आठवड्यांत खूर सुधारले. औषध तेच होतं, जमीन बदलली होती.

हा लेख दोन-तीन घोडे घरचे म्हणून पाळायचे आणि त्यांच्यासोबत गावात राहायचं, अशा मंडळींसाठी आहे. स्टड फार्म किंवा रायडिंग स्कूल काढणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

पायरी १ : जागेआधी घोडा ठरवा

लोक उलटं करतात. आधी प्लॉट, मग घर, मग 'आता एक घोडा घेऊ'. पण कुठला घोडा, यावरच जागा ठरते.

भीमथडी तट्टू भीमा-नीरेच्या कोरड्या, मुरमाड पट्ट्यातलं. अंगाने आटोपशीर, खूर कठीण, खाणं बेताचं. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत या तट्टांनी जे अंतर कापलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, आणि आता त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. मारवाडी आणि काठेवाडी घोडेही मूळचे कोरड्या मुलखातले, उन्हाला तयार. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड मात्र नाजूक प्रकरण. तळवे पातळ, भूक मोठी, कातडी हळवी. तो कधीकधी अगदी स्वस्तात मिळतो आणि नवखा माणूस हुरळून घरी आणतो. थरोब्रेडच आणायचा असेल तर पुण्याच्या फार लांब जाऊ नका. पुण्यात रेसकोर्स आहे, जिल्ह्यात स्टड फार्म आहेत, त्यामुळे घोड्यांचेच असे डॉक्टर आणि नालबंद राज्यात मुंबईखालोखाल इथेच सापडतात.

घोडा अजून घेतला नसेल तर घाई करू नका. कुणाच्या तरी पागेत सहा महिने राबा, आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. पहाटे लीद उचलायची, खरारा करायचा, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक भिजत घालायचा. एक घोडा दिवसाला साधारण पंधरा ते वीस किलो लीद टाकतो. दोन घोडे म्हणजे महिन्याला एक टन. हे आकड्यात वाचणं वेगळं आणि फावड्याने उचलणं वेगळं.

आणि एकटा घोडा पाळू नका. तो कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान गाढव किंवा दोन शेळ्या तरी सोबतीला असू द्या.

पायरी २ : पाऊस आणि पायाखालची जमीन

जागेचा खरा निकाल इथेच लागतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि महाबळेश्वरपासून पूर्वेकडे बोट सरकवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वीस किलोमीटरही न जाता पाचगणीला तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणी घाट उतरून वाईत आलात की सातशे-आठशे. आणखी पूर्वेला फलटण, बारामती, इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. म्हणजे काही तासांच्या प्रवासात हवामान पार बदलतं.

घोड्यासाठी सोन्यासारखा पट्टा म्हणजे घाटाच्या पूर्वेची कड, जिथे पाऊस साधारण सहाशे ते हजार मिलिमीटर असतो. जुन्नर आणि अकोले तालुक्यांचा पूर्व भाग, पुरंदर, भोरची पूर्व बाजू, शिरवळ-खंडाळा (साताऱ्याचा, लोणावळ्याजवळचा नव्हे), वाई. इथे पावसाळ्यात गवत येतं, पण मध्ये उघडीप मिळते आणि जमीन सुकते. त्याच्या पश्चिमेला खूर सडतात, फार पूर्वेला मे महिन्यात घसा सुकतो.

कोकण आणि गोव्याबद्दल लोक हमखास विचारतात. किनाऱ्यावर घोडा पळवायचं स्वप्न असतं. तिथे पावसाइतकाच दमटपणा त्रास देतो. दमट उष्ण हवेत काही घोड्यांना घाम येणंच हळूहळू बंद होतं. कातडी कोरडी, श्वास धापेचा, थोडं चाललं तरी अंग तापलेलं. यावर खात्रीचा उपाय एकच, घोड्याला कोरड्या, थंड हवेत हलवणं. जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळ, खुरांना घासतो तो वेगळाच. मी स्वतः समुद्राकाठी पाळणार नाही. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा दाट सावली आणि उंच छप्पर आधी उभं करावं लागतं.

आता माती. काळी रेगडी शेतकऱ्याला हवी असते, घोडेवाल्याला नको. पावसात ती फुगते, पाय घोट्यापर्यंत रुततो, नाल निघून चिखलात राहतो. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की धावत्या घोड्याचा पाय मुरगळावा. शेतकरी ज्या माळरानाला नाक मुरडतो ती मुरमाड, थोड्या उताराची जमीन आपल्याला चांगली, आणि स्वस्तही. जागा बघायला जाताना डिकीत टिकाव आणि पाण्याचा कॅन ठेवा. जिथे पागा बांधायची तिथे फूटभर खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, आणि जेवून परत या. पाणी जिरलेलं असेल तर पुढचं बोला. तसंच साचलेलं असेल तर पावसाळ्यात तुम्ही त्या खड्ड्यातच राहणार आहात.

शक्य तर जागा दोनदा बघा. एकदा जुलैच्या शेवटी, एकदा मेच्या मध्यावर.

पायरी ३ : मे महिन्यातलं पाणी

घोड्याला दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात आणि काम असेल तर याहून बरंच जास्त. धुणं, पागा, घर मिळून दोन घोड्यांच्या कुटुंबाने रोज पाचशे लिटर धरूनच चालावं.

'बोअरला दोन इंची पाणी आहे' हे वाक्य प्रत्येक जागेत ऐकू येईल. कुठल्या महिन्यात, हे विचारा. मग जागामालकाला सोडा आणि तहसील किंवा पंचायत समितीत जाऊन गेल्या पाच वर्षांत कुठल्या गावांना टँकर लागला ते बघा. त्या यादीत सलग तीन वर्षं नाव असलेलं गाव कितीही गोड दिसलं तरी सोडून द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते, तीही चौकशी करता येते.

पाणी आहे म्हणजे पिण्यासारखं आहे, असंही नाही. बारामती, इंदापूर, माळशिरसच्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागतं. घोडा पाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. वास वेगळा आला की तोंड फिरवतो, पाणी कमी झालं की आतडं आखडतं, आणि पोटदुखी सुरू होते. म्हणून जागा ठरवण्याआधी तिथलं दहा-वीस लिटर पाणी कॅनमध्ये आणून तुमच्या घोड्यासमोर ठेवा. आमच्या घोडीने एका जागेचं पाणी हुंगून बादली पायाने उलटली होती. तो व्यवहार तिथेच संपला.

पायरी ४ : चारा कुठून येणार

एक घोडा दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा खातो. दोन घोडे, एक वर्ष, म्हणजे सहा-सात टन. एकरभर जमिनीवर घोडे चरून राहतील हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे हिरवं गवत जुलै ते नोव्हेंबर, नंतर काड्याच. एकर-दीड एकर जमीन घोड्याला फिरायला हवी असते, त्याचं पोट त्यावर भरणार नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे डोंगरी गवत, मारवेल-पवन्यासारखं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून वाळवलेलं. घाटाच्या कडेला राहण्याचा हा मोठा फायदा, भारे थेट दारात येतात. दुसरा पर्याय कडबा. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मंगळवेढा, बार्शी, जामखेडकडचा कडबा तेव्हा बाजारात येतो आणि भाव उतरलेले असतात. तो शेकड्यावर विकला जातो, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव. पेंढीचा आकार गावागावात वेगळा, त्यामुळे आधी पाच पेंढ्या काट्यावर टाका आणि मगच भाव करा. मार्चमध्ये वर्षाचा साठा केला नाही तर जुलैत तोच कडबा रडवतो. म्हणजे जागेवर सहा-सात टन चारा कोरडा राहील एवढी शेड हवी. प्लॉट बघताना घराआधी ही शेड कुठे बसते ते बघा.

पाणी असेल तर दहा गुंठे लसूणघास लावा. एकदा लागली की महिन्याला एक कापणी मिळते. मात्र ती मूठ-मूठ घालायची, पोटभर नाही.

आता गावात प्रेमाने देऊ केलं जाणारं पण नाकारायचं खाणं. उसाचे वाढे, नेपियर गवत : दोन्हींत ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि काही महिन्यांत घोड्याची हाडं ठिसूळ होऊ लागतात. म्हैस हेच खाऊन बादलीभर दूध देते, म्हणून शेजाऱ्याला तुमचं म्हणणं पटणार नाही. हिरवी कोवळी ज्वारी : नको. बुरशी आलेला मका किंवा भरडा : कधीच नको, तो थेट मेंदूवर जातो.

आणि जागा बघताना कुंपण बघा. फुलं सुंदर दिसतात म्हणून निम्म्या फार्महाउसांच्या कुंपणाला कण्हेर असते. कण्हेरीची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात, आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी. बांधावरचा एरंड, ओढ्यातलं बेशरम, रानातली घाणेरी, हे सगळं घोडे यायच्या आधी मुळासकट निघालं पाहिजे.

पायरी ५ : माणसं किती लांब

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक गाई-म्हशी-शेळ्यांचे. चांगले असतात, पण घोडा वर्षात दोनदा बघितलेला. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोट फुगलं की नाकातून नळी घालून आतला दाब कमी करावा लागतो. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा, 'साहेब, घोड्याची नळी आहे का तुमच्याकडे? घातलीय कधी?' उत्तर 'नाही' असेल तर त्यांना दोष देऊ नका, पण नळी घालणारा डॉक्टर गाडीने दीड तासाच्या आत कुठे आहे ते शोधा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्यामुळे भोर-खंडाळा-वाई पट्ट्याला मी एक गुण जास्त देतो. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो पागेच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

नालबंद ही त्याहून दुर्मीळ वस्तू. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून घ्यावेच लागतात, नाल मारा वा न मारा. गावात 'नालबंद आहे' म्हणतील तेव्हा तो बैलाला पत्री मारणारा आहे का ते बघा. बैलाचं खूर दुभंगलेलं, घोड्याचं अखंड. एकाचा हात दुसऱ्यावर बसत नाही. आमची युक्ती सोपी होती : तालुक्याच्या गावात वरातीची घोडी कुणाकडे आहे ते शोधायचं. वरातीवाल्याला नालबंद माहीत असतो, चारा कुणाचा चांगला ते माहीत असतं, आणि कुठला डॉक्टर घोड्याच्या जवळ जायला घाबरतो तेही माहीत असतं. त्याच्याकडे एक संध्याकाळ बसा, खिशात सुपारी असू द्या.

मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, मिळणं हा तिसरा प्रश्न. तुम्ही आजारी पडलात किंवा लग्नाला गेलात तर घोड्यांना खायला कोण घालणार? ज्या भागातून धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन जातात, तिथे घोड्याची सवय असलेली माणसं अजून सापडतात. त्यांची सामान वाहणारी तट्टं बघा कधी थांबून. पिल्लं, कोंबड्या, भांडी, सगळा संसार पाठीवर, आणि तट्टू न बिचकता मोटारींच्या कडेने चाललेलं. आम्हाला एका धनगर आजींनी अडखळणाऱ्या घोडीचा पाय लांबून बघून सांगितलं, 'लेकरा, ह्या पायात खडा हाय.' होता.

पायरी ६ : कागद

कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर तुम्ही शेतकरी असावं लागतं. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. मराठवाडा आणि विदर्भाला कुळकायदे वेगळे आहेत, पण बिगरशेतकऱ्याला तिथेही मोकळं रान नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर तुमच्या वडिलांचं आणि मग तुमचं नाव लागलेलं असेल तर आधी तो उतारा काढा. अनेकांना आपण शेतकरी आहोत हे चाळिशीत कळतं. गोव्यानेही २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा केला आहे. सातबाऱ्यावर नाव नसेल तर बिगरशेती (एनए) जागा विकत किंवा दीर्घ भाड्याने घेणं हे दोन मार्ग उरतात. एनए प्लॉट घेताना सोसायटीच्या नियमांत जनावरं पाळायला मनाई नाही ना ते वाचा. 'मोकळा निसर्ग' विकणाऱ्या कित्येक स्कीममध्ये कुत्र्याच्या पुढे काही चालत नाही.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, इतर हक्कांत कुणाचं नाव, बोजा, कूळ आहे का, हे बघा. वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या पश्चिम भागात आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. त्या बिगरआदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाहीत, तिथे कुणी 'ॲडजस्ट करू' म्हणालं तर उठून या. सरकारी मोजणी करून घ्या.

घोडेवाल्याने खास बघायची गोष्ट म्हणजे रस्ता. गाव नकाशावर पाणंद किंवा शिवरस्ता दाखवलेला आहे का? पावसाळ्यात चाऱ्याचा ट्रक आणि घोड्याची गाडी त्यावरून आत येईल का? आणि रोज सकाळी रपेटीला कुठून जाणार? ऊस पट्ट्यात गाळपाच्या महिन्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, रस्ते दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात, वर मोठ्याने गाणी. तरुण घोड्याला घेऊन त्या रस्त्यावर जाणं म्हणजे जीवाशी खेळ. मागच्या दाराने माळावर जाता येईल अशी जागा मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. वनखात्याची हद्द लागत असेल तर आधी त्यांना विचारा.

पायरी ७ : वर्षभर भाड्याने राहा, मग ठरवा

त्या वर्षात पुढच्या गोष्टी आपोआप कळतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडच्या उसात बिबट्या आहे. मोठ्या घोड्याला तो सहसा हात लावत नाही, पण शिंगरू आणि तुमचं कुत्रं त्याच्या टप्प्यात येतं, म्हणून रात्री बंद होणारी पागा हवी. पावसाळ्यात घोडमाश्या किती आहेत ते बघा. त्यांच्यामुळे सर्रा पसरतो, तो रक्तातला आजार घोड्याला महिन्याभरात खंगवतो. गाई-म्हशींच्या अंगात हे जंतू लक्षण न दाखवता राहू शकतात, त्यामुळे मोठ्या गोठ्याला आणि साचलेल्या पाण्याला लागून जागा नको. जुनी काटेरी तार बदलून टाका. घोडा बिचकला की तारेत शिरतो आणि पाय हाडापर्यंत फाटतो. बांबू, लाकूड किंवा रुंद पट्टीचं सौर कुंपण बरं. गावकरी त्याला 'झटका मशीन' म्हणतात, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

शेजारी हवा तसा असेलच असं नाही, पण त्याच्या ज्वारीत तुमची घोडी एकदा तरी शिरणार हे नक्की. भरपाई त्याच दिवशी, तो बोलायच्या आधी, घरी जाऊन द्या. आणि लीद कुजवून खत झालं की पहिली ट्रॉली त्याच्याच शेतात.

जत्रेतून नवा घोडा आणणार असाल, सारंगखेड्याहून दत्तजयंतीला किंवा अकलूजच्या बाजारातून, तर भोवरे आणि देवमण, म्हणजे केसांच्या वळणांची शुभ-अशुभ चिन्हं, सगळे बघतात, तुम्ही रक्त बघा. ग्लँडर्सची तपासणी झालेलाच घोडा घ्या. हा आजार माणसालाही होतो आणि कायद्याने तो कळवावाच लागतो. बाधित घोडा वाचवता येत नाही. घरी आणल्यावर तीन आठवडे त्याला वेगळं बांधा, बादली वेगळी, खरारा वेगळा.

हलवायचा दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरातला धरा. जुन्या जागेचा दहा दिवसांचा चारा सोबत घ्या आणि नवा चारा थोडा-थोडा मिसळत जा. प्रवास रात्री करा, दर तीन-चार तासांनी पाणी दाखवा. पोचल्यावर पहिल्या रात्री पागेत दिवा लावून तिथेच बाज टाका. आमची घोडी पहाटे चारपर्यंत उभी होती, कान टवकारून, रातकिडे ऐकत. मग तिने पहिल्यांदा कडब्यात तोंड घातलं, आणि आम्ही दिवा मालवला.